हॅट काढून आलेला शेरीफ

आमच्या टॉलिव्हर काउंटीत शेरीफची गाडी अंगणात वळली की माणसं गाडीकडे बघत नाहीत, शेरीफच्या डोक्याकडे बघतात. डोक्यावर हॅट असली की जिवात जीव येतो. कोर्टाचा कागद असेल, गुरं कुंपण मोडून रस्त्यावर गेली असतील, नाहीतर पोरांनी रस्त्यावरच्या पाटीवर गोळ्या झाडून नेम शिकला असेल. पण ऑरविल स्ट्राउड गाडीतच हॅट काढून, सीटवर ठेवून उतरला, की समजायचं कोणीतरी गेलं. मग तो दारापर्यंत बोडक्या डोक्याने चालत येतो. त्याला तोंडाने काही सांगावं लागत नाही. दारातली बाई एवढंच विचारते, "कोण?"

ऑरविलचा बाप आधी शेरीफ होता, त्याने ही रीत पाडली. कायद्यात कुठे लिहिलेली नाही, पण काउंटीत ती कायद्याहून जास्त पाळली जाते. उन्हाळ्यात घामाने डोकं भिजलं तरी ऑरविल कुणाच्या अंगणात हॅटला हात लावायचा नाही. एकदा वाऱ्याने त्याची हॅट उडाली, तर समोरच्या घरातली म्हातारी व्हरांड्यात मटकन खाली बसली होती. तिचा नवरा आत झोपलेला होता, ठणठणीत.

मी नेटी. कचेरीतला फोन आणि वायरलेस माझ्याकडे. कचेरी म्हणजे कोर्टाच्या मागची बसकी विटांची इमारत, पुढे आम्ही आणि मागे कोठडी. बर्फात गाडी रुतली, कोयोटी कोल्ह्यांनी कोकरं नेली, शेजारच्या म्हातारीने सकाळपासून पडदा उघडला नाही, नवरा दार लावून आत बंदूक घेऊन बसलाय, सगळे फोन मलाच. इथे डॉक्टर कधीमधी येतो आणि पाद्री त्याहून कमी, त्यामुळे दोघांचीही कामं शेरीफच्याच गळ्यात पडतात. मरणाची बातमी द्यायला जाताना ऑरविल मला बरोबर नेतो. बाई कोसळायला लागली तर तिला धरायचं, शेगडी बंद करायची, बहिणीला फोन लावायचा, कॉफी टाकायची. म्हणून लोक आधी त्याचं डोकं बघतात आणि मग गाडीत मी आहे का ते बघतात. मी असले की शंकेला जागाच उरत नाही.

ड्वाइट हॅव्हरकँप दर आठवड्याला कचेरीत अंडी आणून द्यायचा. कोठडीतल्या दारुड्यांच्या न्याहारीला त्याच्याकडचीच अंडी असायची. चाळिशी उलटलेला, मोठ्या हातांचा, जेवढ्यास तेवढं बोलणारा माणूस. बाप लवकर गेला, तेव्हापासून गुरं, गवत, कुंपणं आणि आईचे गुडघे, सगळं त्याच्याच अंगावर. एका मास्तरणीशी त्याचं लग्न ठरत आलं होतं. त्याची आई व्हर्ना म्हणाली, माझ्या स्वयंपाकघरात दुसरी बाई नको, आणि मास्तरीण बिलिंग्जला निघून गेली. ड्वाइट त्यावर एक शब्द बोलला नाही. मी असते तर त्या घराला आग लावली असती.

धाकटा रोरी म्हणजे व्हर्नाच्या काळजाचा तुकडा. रोडिओत बिथरलेल्या घोड्यावर बसायचा, हाडं मोडून घ्यायचा, बक्षिसात पट्ट्याची चकचकीत बक्कलं आणायचा. व्हर्नाने ती दिवाणखान्यात काचेच्या कपाटात मांडली होती आणि रोज पुसायची. वर्षात कधीतरी रोरी उगवायचा, आईला उचलून गरगर फिरवायचा, फ्रीज रिकामा करायचा आणि ड्वाइटची गाडी घेऊन पसार व्हायचा. हसला की समोरच्याचा राग जायचा. माझाही जायचा, खोटं कशाला बोलू.

एका सकाळी ड्वाइट अंड्यांची टोपली टेबलावर ठेवून रेंगाळला. ऑरविलची हॅट खुंटीला होती, तिच्याकडे बघत म्हणाला, "नेटी, एक विचारू? ऑरविल माझ्यासाठी हॅट काढून आमच्याकडे गेला, तर आई काय करेल गं?"

"सकाळी सकाळी काय हे भलतंच!"

"नाही, सांग ना. तू एवढ्या आया बघितल्यास."

"रडेल. दुसरं काय करणार? आई आहे ती."

"रडेल ना?"

"ऊर बडवून रडेल. आता जा, तुझ्या कोंबड्या वाट बघत असतील."

तो हसला आणि गेला. एवढ्या थोराड माणसाला आयुष्यात हवं होतं ते इतकंच, हे मला तेव्हा कळलं. मी उगीचच फोन उचलून कानाला लावला.

त्या सप्टेंबरात रोरी आला. ड्वाइटचा पिकअप घेऊन नाचाला गेला, ढोसली ढोसली, आणि सकाळी परत येताना त्याने पर्ल ऑस्बीला उडवलं. पर्ल आपल्या फाटकापाशी टपालपेटी उघडत होती. रोरी थांबला नाही. दुधाच्या टँकरवाल्याला ती गवतात पडलेली दिसली. पिकअप पुढे ओढ्याकाठच्या झुडपांत सापडला, दारं उघडी, आत कोणी नाही.

तिच्या नवऱ्याला सांगायला आम्ही गेलो. मायलो ऑस्बी गोठ्यात होता. त्याने ऑरविलचं डोकं बघितलं, मला बघितलं, आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "ती तर आत्ताच फाटकापर्यंत गेलीय. येईल एवढ्यात." मग त्याने आमच्यासाठी बसायला बाक पुसला. असं काही बघितलं की मला आठवडाभर जेवण जात नाही.

रोरी आईकडेच लपलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणाला सिद्ध करता येत नव्हतं. नोव्हेंबरात शेरीफची निवडणूक होती. ऑरविल कॅफेत शिरला की कोणीतरी कॉफीत बघत म्हणायचं, "काय शेरीफ, हरवलेलं वासरू तुला सापडतं, आणि सहा फुटांचा गडी सापडत नाही?" मायलो रोज दुपारी कचेरीत येऊन बाकावर बसायचा आणि थोड्या वेळाने उठून जायचा. त्याचं ते बसणं ऑरविलला टोमण्यांपेक्षा जास्त लागायचं.

ऑरविलने ड्वाइटला गाठून विचारलं, "भाऊ घरी आहे?"

"नाही, शेरीफ."

आणि तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. जन्मात खोटं न बोललेला माणूस, त्याला ते जमणार कसं! आईने गळ्याची शपथ घातली असणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मग दुकानातल्या बाईने सांगितलं की व्हर्नाने चेरीचे डबे नेलेत, एक-दोन नव्हे, पिशवी भरून. चेरी खाल्ली की ड्वाइटच्या अंगावर गांधी उठतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. शाळेच्या सहलीत त्याचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, ते अजून लोक सांगतात. चेरीचा पाई लागतो तो रोरीला. ऑरविल तडक न्यायाधीशाकडे गेला. न्यायाधीश हसून हसून लाल झाला. "चेरीच्या डब्यावर मी कुणाच्या घराच्या झडतीचा हुकूम देऊ? उद्या लोणच्यावर फाशी मागायला येशील."

ऑरविल परत आला. आतल्या खोलीत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी बाहेर आला आणि म्हणाला, "नेटी, कोट घे. चल."

मी विचारलं, "कोण?"

"चल आधी."

गाडी हॅव्हरकँपांच्या रस्त्याला वळली तेव्हा मी धरून चालले की रोरी मेला. कुठेतरी खड्ड्यात मरून पडला असेल. माझं मन वाईट आहे, ते म्हणालं, बरं झालं, मायलोला तरी झोप लागेल. मग लगेच व्हर्नाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी रुमाल बाहेर काढून ठेवला. अंगणात गाडी उभी करून ऑरविलने हॅट काढली, आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर ठेवली.

मी दाराच्या कडीला हात घातला.

"तू बसून राहा," तो म्हणाला.

"बसून कशी राहू? ती पडली तर?"

"बस म्हटलं ना."

एरवी मी त्याच्या मागोमाग उतरते. मला ते विचित्र वाटलं, पण तोवर तो चालायला लागला होता.

व्हर्ना व्हरांड्यात आली. हात पिठाने माखलेले. तिने ऑरविलचं डोकं बघितलं. गाडीतली मी बघितली. तिचा हात छातीवर गेला आणि झग्यावर पिठाचा पंजा उठला. मग तिने मान वळवून आत, स्वयंपाकघराच्या जमिनीकडे बघितलं. आणि तिचे ताठलेले खांदे खाली आले. अशा दारांत मी पुष्कळ बायका बघितल्यात. कोणी किंचाळते, कोणी मारायला धावते, एकीने आम्हाला केक कापून दिला होता. पण सुटल्यासारखे खांदे खाली आलेले मी एकीचेही बघितले नव्हते.

"कोण?" असं तिने विचारलंच नाही.

"ड्वाइट का?" ती म्हणाली. नळ पुन्हा गळतोय का, असं विचारावं तसं. "हुश्श. देवा रे. मला वाटलं, माझा रोरीच गेला."

ऑरविल पायरीवर थांबला. "रोरी नाही, हे तुला कसं कळलं व्हर्ना?"

व्हर्नाचं तोंड उघडं राहिलं. मलाही तेव्हाच उलगडा झाला. कोणी मेलंच नव्हतं. रोरी घरात सुखरूप असेल तर बोडकं डोकं बघून त्याची आई त्याच्यासाठी रडणार नाही, एवढं बघायला तो मला घेऊन, बापाची रीत मोडून आला होता. मी रागाने पेटले. पण माझा राग तिथेच राहिला, कारण मला ड्वाइट दिसला.

तो कोठाराच्या बाजूने धावत आला होता. कुंपण ठोकता ठोकता त्याने ऑरविलचं डोकं बघितलं असणार, आणि कोण गेलं ते ठाऊक नसतानाही आई पडेल म्हणून तिला धरायला आला. ऑरविलच्या मागे थोड्या अंतरावर तो उभा होता, हातात हातोडी. त्याने सगळं ऐकलं होतं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"आई, मी इथे आहे," तो म्हणाला. "मला काही झालेलं नाही."

व्हर्नाने त्याच्याकडे बघितलं. मी गाडीत काचेआड बसून मनात म्हणत होते, आता तरी. आता तरी त्याच्या गळ्यात पड, बाई.

"मग हा मेला कशाला आलाय बोडका होऊन?" ती म्हणाली.

ड्वाइटने हातोडी व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली, आवाज न करता. तो बोलला ऑरविलशी, पण नजर आईवर होती. "तळघरात आहे. बटाट्यांच्या फळ्यांमागे. त्याच्याजवळ बंदूक नाही, शेरीफ. त्याला मारू नका."

"ड्वाइट!" व्हर्ना किंचाळली. हे नाव एवढं जीव तोडून तिने त्या दिवशी पहिल्यांदाच घेतलं असेल.

रोरी वर आला तेव्हा त्याच्या ओठांना चेरीचा रस लागलेला होता. व्हर्ना त्याला घट्ट बिलगली आणि त्याच्या शर्टभर पीठ झालं. त्याला रडू येत होतं, तरी भावासमोर येऊन त्याने तोंड वाकडं केलंच. "शाब्बास दादा. तुला चेरी पचत नाही, त्याचा राग माझ्यावर काढलास होय?"

ऑरविल गाडीकडे आला, सीटवरची हॅट उचलून डोक्यावर घातली आणि मगच बेड्या काढल्या. एवढी रीत त्याने पाळली.

रोरीला कोठडीत टाकल्यावर मी ऑरविलला फैलावर घेतलं. "लाज नाही वाटली? मला गाडीत बसवून नेलंस, दाखवायच्या बाहुलीसारखं?"

"पर्लला मारणारा सापडला की नाही?"

"सापडला."

"मायलो आज झोपेल की नाही?"

"झोपेल. आणि ड्वाइट?"

"ड्वाइटला काय धाड भरलीय? ड्वाइट जिवंत आहे."

तो निवडणूक जिंकला. मायलोने सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. पण हॅटची गोष्ट त्याच संध्याकाळी प्रत्येक जेवणाच्या टेबलावर पोचली होती. पुरुष मांड्यांवर थापा मारून हसले. बायका हसल्या नाहीत. हिवाळ्यात एका घरी नवरा झाडाखाली सापडून मेल्याची बातमी घेऊन आम्ही गेलो, तर बाई दार अडवून म्हणाली, "खरं का खोटं?" दुसऱ्या एका घरी म्हाताऱ्याने ऑरविलला व्हरांड्यातच उभं केलं, आतून इस्पितळात फोन लावला, आणि खात्री करून मगच आत घेतलं. तोवर ऑरविलच्या टकलावर बर्फ साचलं होतं. मला बरं वाटलं. आणि मग त्या म्हाताऱ्याची सून आतमध्ये हंबरडा फोडून रडायला लागली, तेव्हा स्वतःचीच शरम वाटली.

रोरीला शिक्षा झाली, तुरुंग राज्याच्या दुसऱ्या टोकाला. दर रविवारी ड्वाइट आईला तिकडे न्यायचा. व्हर्ना त्याच्याशी बोलणं सोडून बसली होती. गाडीत पुढच्या सीटवर ती पर्स ठेवायची आणि स्वतः मागे बसायची. तिकडे पोचल्यावर ती आत जायची आणि हा बाहेर गाडीत, इंजिन बंद करून, थंडीत. परत येताना तिच्या मांडीवर पाईचं रिकामं भांडं. घरी ती त्याला वाढायची, ते मात्र चुकवलं नाही. थाळी ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जायची.

"तू तिला सांगत का नाहीस, तुझी तू जा म्हणून?" मी एकदा भडकून विचारलं.

"तिला एवढं लांब चालवता येत नाही गं. गुडघे." त्याने टोपलीतली अंडी एकेक करून माझ्या भांड्यात ठेवली. मग म्हणाला, "तू चुकलीस, नेटी." आणि हसला. कशाबद्दल ते त्याला सांगावं लागलं नाही.

मे महिन्यात पाऊस लागून राहिला होता. शनिवारी जरा उघडीप झाली तेव्हा मायलोचा फोन आला. ड्वाइटचा ट्रॅक्टर ओढ्याच्या काठावरून जाताना भिजलेली दरड खचली आणि ट्रॅक्टर उलटला. मायलोने शेजारच्या शेतातून बघितलं, धावला, पण हातात काही राहिलं नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा तो ड्वाइटचं डोकं मांडीवर घेऊन चिखलात बसला होता. "याच्या भावाचा राग मी कधी याच्यावर काढला नाही," तो मला म्हणाला, मी काही विचारलं नसताना.

ड्वाइटची कापडी टोपी दूर गवतात पडली होती. बी-बियाणांच्या दुकानातली, फुकट मिळते ती. कडेला फाटली होती आणि त्याने स्वतःच जाड दोऱ्याने शिवली होती. ऑरविलने ती उचलून मला दिली.

हॅव्हरकँपांच्या अंगणात गाडी थांबली. ऑरविलने हॅटला हात घातला आणि तसाच बसून राहिला. "नेटी," तो म्हणाला, "काढू का घालू?"

"मला विचारतोस?"

"घालून गेलो तर ती म्हणेल, माझ्या पोरासाठी हॅटसुद्धा काढली नाही. काढून गेलो तर..." त्याने हॅट काढली. या खेपेला मी त्याच्या बरोबरीने चालत गेले.

व्हर्ना बाहेर आली नाही. खिडकीतून तिने आम्हाला बघितलं होतं. दार उघडंच होतं. ती शेगडीपाशी उभी राहून भाजलेलं मांस कापत होती. टेबलावर एकट्याची थाळी मांडलेली, कुस्करलेला बटाटा, मक्याचे दाणे.

"घाल ती हॅट," ती मागे न बघता म्हणाली. "टकलाला सर्दी होईल."

"व्हर्ना, जरा बस."

"या खेपेला कोणाला शोधतोयस? तळघर उघडं आहे. बटाटेसुद्धा संपलेत."

"ड्वाइट गेला, व्हर्ना. ओढ्यावर ट्रॅक्टर उलटला."

"मागच्या खेपेलाही तोच गेला होता," व्हर्ना म्हणाली.

ऑरविलचा चेहरा राखेसारखा झाला. मी पुढे झाले. "व्हर्ना, या वेळी खरं आहे. मी सांगतेय ना."

तेव्हा तिने वळून माझ्याकडे बघितलं. "आणि तू! तेव्हाही तू गाडीतच होतीस. तोंड असंच पाडून, रुमाल मांडीवर घेऊन. शिकवून आणलं होतं का तुला?" तिने मांसाचे तुकडे थाळीत ठेवले आणि थाळी ओव्हनमध्ये सरकवली. "येईल तो. जेवायची वेळ कधी चुकवत नाही. बोलत नसले तरी उपाशी नाही ठेवत मी कुणाला."

माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी कोटाच्या खिशातून टोपी काढून टेबलावर ठेवली. चिखल अजून ओला होता.

व्हर्ना टेबलापाशी आली. जाड दोऱ्याच्या शिवणीवरून तिने बोट फिरवलं. ती शिवण ओळखीची होती. त्या घरात सुई-दोरा मागितला तर ती देत नव्हती, म्हणून त्याने पोती शिवायचा दोरा वापरला होता. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले, हात पुढे करून, पडली तर धरायला. याच क्षणी बायका कोसळतात. मी खूप जणींना धरलंय.

ती पडली नाही. खुर्ची ओढून बसली आणि खिडकीबाहेर रस्त्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काहीतरी आलं, आणि मी वाट बघत राहिले.

"उद्या रविवार," ती म्हणाली. "मग उद्या मला रोरीकडे कोण नेणार?"

ऑरविलच्या हातात हॅट होती, ती तो गोल गोल फिरवत होता. शेवटी तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी नेईन, व्हर्ना. दर रविवारी नेईन."

"लवकर निघावं लागतं."

"निघू."

तिने मान हलवली. मग ती उठली, ओव्हन उघडला आणि ड्वाइटची थाळी बाहेर काढली. थाळीच्या जागी टोपी होती, ती तिने हाताच्या कडेने बाजूला सारली आणि थाळी ऑरविलपुढे ठेवली.

"खाऊन घे," ती म्हणाली. "वाया जाईल."

आणि ऑरविल बसला आणि खायला लागला. बोडक्या डोक्याने, मान खाली घालून, एकेक घास. मी त्याला थांबवलं नाही, तिलाही काही म्हणाले नाही. मला त्या दोघांच्याही तोंडात मारावीशी वाटत होती. मी टोपी उचलली आणि बाहेर जाऊन गाडीत बसले, जिथे त्या दिवशी बसले होते तिथेच, आणि ऊर फुटेतो रडले. ड्वाइटसाठी कोणीतरी रडायला हवं होतं.